सेंट आइव्ह्जची भट्टी

कुंभाराचे चाक आपल्याकडे फार जुने, आणि त्या चाकाकडे पाहण्याची आपली दृष्टीही तितकीच जुनी. संक्रांतीची सुगडी, नवरात्रातला घट आणि अखेरच्या प्रवासात पुढे धरावयाचे मडके ही तिन्ही त्याच चाकावरून उतरतात. त्याच्यावाचून आपले एकही मोठे कार्य तडीस जात नाही. तथापि आपला पदवीधर चिरंजीव उद्या नोकरीचा अर्ज बाजूस सारून चाकापाशी जाऊन बसला, तर आपणांपैकी किती घरांत त्या दिवशी सुखाने जेवण होईल याची शंकाच आहे. गोरोबाकाकांचे अभंग आपण भक्तीने ऐकतो. त्यांचा व्यवसाय मात्र आपण त्यांच्यापाशीच राहू दिला.

या बाबतीत आम्ही स्वतः काही निराळे नाही. आमची तीस वर्षे अध्यापनात गेली, आणि आपल्या हाताने घडविली असे म्हणता येईल अशी एकही वस्तू आमच्या घरात नाही. म्हणूनच की काय, विद्यापीठांतून आणि कलाशाळांतून बाहेर पडलेल्या काही मंडळींनी आपखुशीने माती तुडविली, तो इतिहास आम्हांस नेहमी आपल्याकडे ओढून घेतो. मातीपासून भट्टीपर्यंतचे सारे काम स्वतःच्या अगर दोनचार सोबत्यांच्या हातांनी करणाऱ्या अशा माणसास तिकडे स्टुडिओ-कुंभार म्हणतात. त्या मंडळींच्या इतिहासातील एका उन्हाळ्याची हकीकत येथे सांगावयाची आहे. तो उन्हाळा १९२३ सालचा, आणि स्थळ इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगण्यातील सेंट आइव्ह्ज.

हे गाव मूळचे कोळ्यांचे व खाणकामगारांचे. समुद्रात पिलचर्ड नावाची मासळी आणि डोंगरात कथील, एवढ्यावर त्याचा संसार चाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही धंद्यांस ओहोटी लागली. आणि १८७७ साली गावापर्यंत आगगाडीचा फाटा आला. मासळी बाहेर नेण्यास तो उपयोगी पडलाच, परंतु येताना गाडीतून उन्हाळी पाहुणे व चित्रकार उतरू लागले. टर्नर १८११ मध्ये येथे येऊन गेले होते. व्हिसलर व सिकर्ट हे १८८४ मध्ये आले. पुढे व्हर्जिनिया वुल्फ या नावाने प्रसिद्ध झालेल्या लेखिकेचे बालपणीचे उन्हाळे, १८८२ पासून १८९४ पर्यंत, याच गावातील टॅलंड हाउसमध्ये गेले. समुद्राच्या पाण्यावरून परतणारा तेथील स्वच्छ प्रकाश चित्रकारांस मोठा प्रिय. मासे आणि कथील गेले, तरी उन्हाळा राहिला. आणि तो उन्हाळाच गावाचा धंदा होऊन बसला.

१९२० साली या गावी दोन माणसे आली. एकाचे नाव बर्नार्ड लीच, दुसऱ्याचे शोजी हमादा. लीच यांचा जन्म १८८७ मध्ये हाँगकाँग येथे झाला. जन्मतःच आई गेली, आणि बालपणीची पहिली वर्षे जपानात आजीआजोबांकडे गेली. पुढे इंग्लंडात शिक्षण, लंडनच्या स्लेड कलाशाळेत चित्रकलेचे पाठ, मध्येच बँकेतील नोकरीचा एक नीरस काळ, आणि १९०९ मध्ये पुन्हा जपान. तेथे गेले ते ताम्रपटावरील चित्रांची छपाई शिकविण्याच्या इराद्याने. परंतु १९११ साली टोकिओतील एका मेजवानीत पाहुण्यांपुढे भाजलेली कोरी भांडी ठेवण्यात आली व त्यांवर चित्रे काढण्यास सांगण्यात आले. मग ती भांडी झिलईत बुडवून लहानशा भट्टीत घातली गेली, आणि तासाभराच्या आत लालबुंद होऊन बाहेर आली. या प्रकारास राकू म्हणतात. त्या दुपारी चोविशीतील लीच यांचे आयुष्य फिरले. त्यांनी सहावे केन्झान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वृद्ध कुंभाराचे शिष्यत्व पत्करले आणि पुढे बहुतेक सारे आयुष्य मातीस दिले. मेजवानीतील एका खेळातून त्यांची ही साधना निघाली, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिचे काम पडणार आहे.

हमादा हे सात वर्षांनी लहान. टोकिओच्या उच्च तांत्रिक विद्यालयात मृत्तिकाशास्त्र शिकलेले, आणि नंतर क्योतो येथील प्रयोगशाळेत झिलयांचे प्रयोग केलेले. लीच यांच्यापाशी चित्रकाराचा डोळा होता, तर हमादांपाशी रसायनाचे ज्ञान. आणि दोघांपाशीही कुंभाराचा वारसा नव्हता. त्यांच्या बापजाद्यांनी कधी चाक फिरविले नव्हते.

सेंट आइव्ह्जच का, या प्रश्नाचे उत्तर अगदी सरळ आहे. फ्रान्सेस हॉर्न नावाच्या बाईंनी त्या गावी हस्तव्यवसायांची एक संस्था काढली होती आणि तीत त्यांना एक कुंभार हवा होता. त्यांनी भांडवल कर्जाऊ दिले. गावाबाहेर स्टेनॅक नावाच्या ओढ्याकाठी जागा घेण्यात आली आणि ग्रॅनाइट दगडाची इमारत उभी राहिली. पैसा, समुद्र आणि कलावंतांची संगत ही सारी तेथे होती. कुंभारास ज्यांची खरी गरज, त्या दोन वस्तूंची मात्र तेथे वाण होती.

त्यांतील पहिली वस्तू लाकूड. कॉर्नवॉलचा तो पश्चिम भाग म्हणजे वाऱ्याने झोडपलेले उघडे माळ. तेथे झाडे थोडी, आणि भट्टी तर लाकडावर चालावयाची. दुसरी वस्तू माती. चिनी मातीसाठी कॉर्नवॉल अठराव्या शतकापासून प्रसिद्ध आहे, हे खरे. परंतु ती शुभ्र माती एकटीने चाकावर उभी राहत नाही. तिला चिकटपणा देणारी दुसरी माती लागते. जवळच्या सेंट अर्थ गावची माती, डेव्हन परगण्यातील चिकणमाती, अशी निरनिराळी मिश्रणे करून पाहावी लागली. आपला कुंभार ज्या ओढ्याची माती आणतो, तिची खोड त्याच्या आजापासून त्याच्या घरात ठाऊक असते. या दोघांस प्रत्येक गोष्ट प्रथमपासून शोधावी लागली.

भट्टीचे दुखणे याहूनही मोठे. आपल्याकडील आव्यात मडकी रचून, त्यांवर गोवऱ्या, पेंढा व राख घालून भाजणी होते. तिला सातआठशे अंशांची उष्णता पुरते. लीच व हमादा यांना करावयाची होती ती दगडासारखी कठीण, पाणी न झिरपणारी भांडी. आपल्या लोणच्याच्या बरणीच्या जातीची म्हणा ना. त्यांस सुमारे १,२५० ते १,३०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्यासाठी त्यांनी जपानी तऱ्हेची चढती भट्टी बांधली. उतारावर एकीमागे एक अशा कोठ्या असतात. पहिलीतील जाळ दुसरीत व दुसरीतला तिसरीत शिरतो, आणि वर चढणारी आच वाया न जाता पुढल्या कोठीस आधीच तापवीत जाते. पहिली कोठी पिकली की दुसरीच्या कुशीतून लाकडे सारावयाची, मग तिसरीच्या. पाश्चात्त्य देशांत अशी भट्टी यापूर्वी बांधली गेली नव्हती. कल्पना उत्तम होती. परंतु भट्टी बांधणे ही चित्र काढण्यासारखी गोष्ट नव्हे. आच एका बाजूस अधिक, दुसरीकडे उणी. कुठे झिलई वितळून ओघळली, तर कुठे ती कच्चीच राहिली. महिना-दोन महिन्यांची मेहनत एका रात्रीत त्या दारातून आत जाई आणि दार उघडल्यावर तिच्यातील थोडाच भाग विकण्याजोगा निघे. त्यातच भट्टीच्या विटा खचू लागल्या. दोनतीन वर्षांत ती निकामी होण्याच्या पंथास लागली.

अशा वेळी १९२२ मध्ये त्सुरुनोसुके मात्सुबायाशी हे गृहस्थ जपानातून आले. हे मात्र खरे घरंदाज कुंभार. क्योतोजवळील उजी येथे त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या हाच धंदा. त्यांनी जुनी भट्टी मोडीत काढली आणि तीन कोठ्यांची नवी भट्टी बांधली. ते सेंट आइव्ह्जला असेपर्यंत तेथील शिकाऊ मंडळींस माती, आच व झिलई यांचे शास्त्र मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावून देत. त्यांनी बांधलेली भट्टी १९७० नंतरच्या दशकापर्यंत चालली. पुढे तीत लाकडाऐवजी तेल जळू लागले, एवढाच फरक. लीच यांचे नाव जगभर झाले, हमादांचे त्याहूनही अधिक. मात्सुबायाशींचे नाव जाणकारांपलीकडे कोणी घेत नाही. दोन पिढ्यांची भांडी ज्या विटांच्या आत पिकली, त्या रचणाऱ्यास इतिहासाने पाव पानही दिले नाही. आमच्या मते हा अन्याय आहे.

आता त्या उन्हाळ्याच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. कॉर्नवॉलमध्ये उन्हाळा म्हणजे आपल्या वैशाखाची काहिली नव्हे. रात्री नऊनंतरही आकाशात उजेड रेंगाळतो, आणि झेनॉरकडील माळावर पिवळ्या फुलांची काटेरी झुडपे वाऱ्यावर हलत असतात. लीच व हमादा या माळांवरून भटकत. ही भटकंती अर्थातच मौजेची. परंतु तिच्यातून परतताना ते रिकाम्या हाताने येत नसत. माळावरील नेच्याची राख झिलईत घालून पाहिली जाई. नांगरलेल्या शेतात जुन्या इंग्रजी भांड्यांच्या खापऱ्या सापडत. त्या खापऱ्यांवर पातळ मातीच्या लेपाने काढलेली पिवळी-तपकिरी नक्षी असे. ही देशी कला सतराव्या-अठराव्या शतकांत भरभराटीस आली होती. गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या युगात ती जवळजवळ लोपली. गंमत अशी की, लीच यांस या इंग्रजी कलेची प्रथम ओळख झाली ती टोकिओमध्ये, चार्ल्स लोमॅक्स यांच्या १९०९ सालच्या एका पुस्तकातून. स्वतःच्या देशातील कुंभाराचा पत्ता त्यांस परदेशात लागला. आपल्याकडील कित्येकांस आपले उपनिषद मॅक्स म्युल्लरच्या हातून मिळाले, त्यांतलाच हा प्रकार.

त्या नक्षीचे एक कोडे मात्र सुटत नव्हते. ओल्या लेपावर इतक्या सफाईच्या रेघा खोलगट थाळीच्या कुशीत उमटविल्या तरी कशा? याचा उलगडा चहाच्या टेबलावर झाला, अशी हकीकत लीच सांगत असत. पावावर मुरंबा पसरला होता आणि त्यावर कॉर्नवॉलची दाट साय. सुरीचे टोक सहज आडवे फिरले आणि त्या दोन रंगांत नेमकी तीच पिसासारखी नक्षी उमटली. म्हणजे जुने कुंभार मातीची पोळी सपाट लाटून तिच्यावर आधी नक्षी काढीत, आणि ती किंचित आळल्यावर साच्यावर बसवून मग तिला थाळीचा आकार देत. नक्षी आधी, आकार मागाहून! संग्रहालयातील काचेच्या कपाटापुढे उभे राहून जे कळले नव्हते, ते न्याहारीच्या पदार्थांनी शिकविले.

उन्हाळी पाहुण्यांचाही उपयोग झाला. आठवड्यातील एका दुपारी राकूचा कार्यक्रम असे. पाहुण्यांनी भाजलेले कोरे भांडे विकत घ्यावे, त्यावर मनास येईल ते चित्र काढावे, आणि ते लाल होऊन भट्टीतून निघताना पाहावे. टोकिओतील १९११ च्या दुपारचीच ही आवृत्ती. फरक इतकाच की, आता यजमानास पैशाची निकड होती. ही भांडी नाजूक व पाझरणारी असत. त्यांत रोजचा चहा ओतण्यात अर्थ नव्हता. खऱ्या कामाचा खर्च अशा खेळातून काही अंशी निघे. शिकवणीच्या पैशावर ग्रंथलेखन करणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंना ही स्थिती समजावून सांगावयास नको.

त्याच उन्हाळ्यात, १९२३ च्या जुलैमध्ये, मायकेल कार्ड्यू नावाचा बावीस वर्षांचा तरुण कारखान्यात दाखल झाला. हा ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजचा विद्यार्थी. विषय ग्रीक व लॅटिन. आणि त्याच वर्षी तिसऱ्या वर्गात उत्तीर्ण झालेला. तिसरा वर्ग का, तर अभ्यासाचा बराच वेळ डेव्हनमधील एका कुंभाराकडे चाक शिकण्यात गेला होता. या नादाचे मूळही सुटीतच होते. कार्ड्यू कुटुंब दर उन्हाळ्यास उत्तर डेव्हनमध्ये समुद्रकाठी जाई, आणि वडील तेथील फ्रेमिंग्टन गावच्या फिशली नावाच्या वृद्ध कुंभाराची भांडी हौसेने विकत घेत. वडिलांनी मुलास भांड्यांवर प्रेम करण्यास शिकविले. तो ती घडवावयास बसेल, हा मात्र त्यांच्या हिशोबातला भाग नसावा. कलेची आवड मुलांस लावणाऱ्या सर्वच सुशिक्षित घरांनी येथे सावध व्हावे!

आणि मग सप्टेंबरची पहिली तारीख उजाडली. त्या दिवशी मध्यान्हीच्या सुमारास टोकिओ व योकोहामा भागात भयंकर भूकंप झाला; मागोमाग आग पसरली. एक लाखाहून अधिक माणसे प्राणास मुकली. हमादांनी त्याच वर्षी लंडनच्या ओल्ड बाँड स्ट्रीटवरील पॅटरसन यांच्या दालनात आपली भांडी मांडून नाव मिळविले होते. ते इंग्लंडात राहते, तर त्यांचे चांगले चालले असते. परंतु स्वदेशाच्या त्या वार्तेनंतर त्यांचे मन तेथे रमेना. वर्षअखेर त्यांनी सेंट आइव्ह्ज सोडले. नवी भट्टी हाती आली आणि तिच्यापाशी उभा राहणारा सर्वांत कुशल सोबती निघून गेला.

या उन्हाळ्याचा जमाखर्च आता मांडू. धंद्याच्या वहीत पाहिले, तर लीच यांचा सेंट आइव्ह्जचा बेत चुकलाच होता. लाकूड दूर, माती परकी, भट्टी दोनदा बांधलेली, आणि गिऱ्हाईक फक्त उन्हाळ्यात. पुढील काही वर्षे कारखाना कर्जातच होता. तो तगण्यास पुढे ज्या एल्महर्स्ट दांपत्याचे साह्य झाले, त्यांतील लेनर्ड एल्महर्स्ट हे १९२२ मध्ये रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनचे पहिले संचालक होते, हे येथे सांगून ठेवतो.

दुसरा आक्षेप याहून जिव्हारी लागणारा. लीच यांचा ध्यास असा की, साध्या माणसाच्या रोजच्या वापरातले भांडे सुंदर असावे. पण त्यांचे एकेक भांडे विकले जाई ते कलादालनात, श्रीमंतांच्या हाती. ही विसंगती कार्ड्यू यांस बोचली असावी. १९२६ साली ते ग्लॉस्टरशरमध्ये विंचकूम येथे गेले. तेथे महायुद्धाच्या सुरुवातीस बंद पडलेला एक जुना कारखाना त्यांनी घेतला, त्यातल्याच एका म्हाताऱ्या कारागिरास परत बोलाविले, आणि स्वयंपाकघरातील थाळ्या, घडे व मद्याच्या सुरया अल्प किमतीत करू लागले. परंतु शेतकरी तोपर्यंत कल्हईच्या व मुलाम्याच्या भांड्यांस सरावला होता. मातीची थाळी घेतली ती पुन्हा शिकल्यासवरल्या मध्यमवर्गानेच. आपल्याकडे रांजण व पाणी तापविण्याचे मडके गेले, आणि मग शहरातील दिवाणखान्यांत शोभेसाठी मातीची सुरई आली; तो प्रकार याहून वेगळा नाही. लीच यांनी १९४० च्या सुमारास रोजच्या वापरातील भांड्यांची ठरावीक घडण सुरू केली, तेव्हा कुठे त्यांचे बोलणे व करणे जवळ आले. १९४१ च्या जानेवारीत शत्रूच्या विमानातून पडलेल्या सुरुंगाने कारखान्याची मोडतोड केली, तरी ते काम थांबले नाही.

असे असूनही आम्ही हा बेत फसला असे म्हणावयास तयार नाही. तुलनेसाठी आपल्याच मुंबईकडे पाहावे. १८७० नंतरच्या दशकात जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली मातीच्या भांड्यांचे मोठे काम झाले. अजंठ्याच्या आकृती असलेले ते कुंभ आजही परदेशी संग्रहालयांत दिसतात व पाहणाऱ्यास थक्क करतात. परंतु तेथे आराखडा एकाचा आणि चाक दुसऱ्याचे, अशी वाटणी होती. शिकलेल्याने कागदावर काढावे, न शिकलेल्याने मातीत उतरवावे. आराखडा देणारे गेले, आणि तो प्रवाहही आटला. सेंट आइव्ह्जला डोके आणि हात एकाच माणसाचे होते. म्हणून तेथील प्रत्येक चूक ज्याची त्यास शिकवून गेली. लाकूड नव्हते म्हणून राखेचा अभ्यास झाला. भट्टी खचली म्हणून मात्सुबायाशींचे शास्त्र इंग्रजी मुलांच्या कानी पडले. ते ऐकणाऱ्यांपैकी कॅथरीन प्लायडेल-बुव्हरी यांनी पुढे आपली स्वतंत्र भट्टी उभारली, आणि कार्ड्यू तर आफ्रिकेपर्यंत पोहोचले. नायजेरियात अबुजा येथे त्यांनी १९५१ पासून काढलेल्या केंद्रात लादी क्वाली या कुंभार स्त्रीची कला जगापुढे आली. आपल्या देशाशीही या मंडळींचा धागा आहे. दिल्लीच्या निळ्या भांड्यांसाठी नावाजलेले सरदार गुरुचरण सिंग हे १९१९ पासून १९२२ पर्यंत जपानात शिकत होते, आणि लीच-हमादांच्या मित्रमंडळात त्यांचा वावर होता.

हमादा मायदेशी परतले ते टोकिओत न थांबता माशिको या खेड्यात गेले. तेथे शहरी स्वयंपाकघरांसाठी साधी भांडी होत असत. त्यांच्यातच ते आयुष्यभर राहिले. १९५५ मध्ये जपानने त्यांस राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला, आणि १९७८ मध्ये ते गेले. लीच पुढल्याच वर्षी, ब्याण्णवाव्या वर्षी वारले. अखेरच्या काळात त्यांची दृष्टी गेली होती. स्टेनॅकच्या ओढ्याकाठी २००८ पासून त्यांच्या कारखान्याचे संग्रहालय खुले आहे, आणि शेजारी नवी मंडळी चाकावर बसतात. मात्सुबायाशींची ती भट्टी तेथे जपून ठेवली आहे. आता ती पेटवीत नाहीत.

गोरोबांनी थापटणे हाती घेऊन संतमंडळींची डोकी तपासली आणि एका नामदेवास कच्चे मडके ठरविले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. नामदेव त्यावर रागावले, पण शेवटी गुरूच्या शोधास निघाले. आम्हांस त्या कथेत नेहमी कौतुक वाटते ते थापटण्याचे. तीस वर्षे आम्ही मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या आणि कित्येकांस तिसरा वर्ग दिला. त्यांतील एखादा पुढे कोणत्या चाकापाशी जाऊन बसला असेल, हे विचारण्याचे आम्हांस कधी सुचले नाही. येत्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या गावच्या कुंभारवाड्यात जाऊन यावे, असे मनात आहे.